तोंडीचे वीस गुण

निकाल लागला की तुम्ही पालक विचारता, "बाई, लेखीत किती पडले?" तोंडीचं कुणीच विचारत नाही. ते गुण मिळतातच, असं घरीही धरलेलं असतं आणि शाळेतही. वर्गात साठ मुलं, एकेकाला जेमतेम दोन मिनिटं. घाई आमच्याकडूनही होते, हे आधीच कबूल करते.

दहावीला भाषेचे 80 गुण लेखी, 20 अंतर्गत मूल्यमापनाचे; तोंडी त्यातच येते. मार्च 2019 च्या परीक्षेत हे 20 काढले होते. अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. माझ्याकडे आलेले पालक गेलेल्या गुणांबद्दल हळहळले. मुलांचं बोलणं गेलं, असं एकानेही म्हटलं नाही. ते मला आजही लागतं.

गेल्या वर्षी एका मुलीची तोंडी घेत होते. अक्षर मोत्यासारखं, निबंध घडाघडा पाठ. मधेच थांबवून विचारलं, "बाबा काय करतात गं?"

"चाकणला कंपनीत."

"कंपनीत काय?"

ती खाली बघत राहिली. माहीतच नव्हतं. म्हटलं, घरी विचार, मग ये.

आठवड्याने आली आणि बोलतच सुटली. शिफ्ट सुटताना बाबा पुढच्या माणसाला काय काय सांगतात: कुठलं टूल झिजलंय, माप कुठे सरकतंय, किती पीस रिजेक्ट गेले. "हे नाही सांगितलं तर पुढच्याचा मालच खराब होतो, बाई." मशीनवर सोडतात त्या कूलंटला ती 'पानी' म्हणाली. घर मूळचं लातूरकडचं. मी त्या 'पानी'चा अर्धा गुणही कापला नाही. काय आधी सांगायचं, काय नंतर, हे तिला नेमकं कळलं होतं. मला तेच तपासायचं होतं.

सेकंड शिफ्ट करून तुम्ही घरी येता तेव्हा मुलं झोपलेली असतात, हे मी जाणते. पण साप्ताहिक सुट्टीला जेवताना त्यांना तुमचं काम सांगा, मग त्यांच्याकडून ऐका. अडखळली तरी मधेच वाक्य पुरं करू नका. आणि कृपा करून "सगळ्यांना वीसपैकी वीस द्या" असं सांगायला येऊ नका.

यंदाच्या तोंडीला एक प्रश्न पुस्तकाबाहेरचा असेल: घरातलं मोठं माणूस कामावर नेमकं काय करतं? त्याचं उत्तर तुमच्याकडूनच यायचंय, म्हणून आधी सांगून ठेवतेय.