घागर विहिरीवरच राहिली
आजचं वाचन : योहान ४:५-४२

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात लोकांच्या साक्षी गोळा करायचं काम सध्या माझ्याकडे आहे. मिस्सेपासून दुरावलेल्या घरांत त्या पोचवायच्या आहेत.

शोमरोनी बाई घागर टाकून गावात गेली. तिने कशाचीही स्तुती केली नाही. माझं सगळं आयुष्य त्याने सांगितलं, हाच ख्रिस्त असेल का, एवढंच बोलली. पाच नवरे झालेली बाई! तरी तिने ते झाकलं नाही.

आमच्याकडे लिहून येतं, ‘फादर प्रेमळ, गायनमंडळ उत्तम.’ असेलही, पण ही झाली जाहिरात. म्हणून मी विचारते : आधी काय होतं, प्रभू कुठे भेटला, आता काय बदललं? उत्तर वाडवळीत असो की कादोडीत, तसंच लिहून घेते. दारू सुटली, भावाशी अबोला संपला, असं काही असेल तर छापण्याआधी घरच्यांनाही विचारते. अब्रू त्यांचीही असते.

येशू त्या गावात दोन दिवस राहिला. मग लोक बाईला म्हणाले, आता तुझ्या सांगण्यावरून नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. म्हणूनच प्रत्येक साक्षीखाली आम्ही बायबलवाचनाचा वार आणि घर छापणार आहोत.