कुंझुमला निघताय? डिझेलपेक्षा हे पैसे आधी बाजूला काढा

स्वतःची फोर बाय फोर घेऊन पुण्या-मुंबईहून स्पितीला जायचं, तर डिझेलचा हिशेब सोपा आहे. मनालीमार्गे काझा, जाऊन-येऊन साधारण साडेचार हजार किलोमीटर. लिटरला दहाचं ॲव्हरेज आणि 90 रुपये भाव धरला, तर 40,500 रुपये. टोल, मुक्काम, जेवण वेगळं. अटल बोगद्यातून गेलात तर रोहतांगचं परमिट लागत नाही.

खरा खर्च काझाकडे नेणाऱ्या ग्रांफूच्या वळणानंतर दबा धरून बसलेला असतो. तिथून बातलपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर. दगडगोटे आणि रस्त्यावरून वाहणारे नाले यांत चार-पाच तास सहज जातात. मग 4,551 मीटर उंचीच्या कुंझुम खिंडीची चढण.

पहिला फटका टायरला. धारदार दगडाने बाजूची भिंत फाटली की पंक्चर किटचा उपयोग नाही, टायर बदलावाच लागतो. या गाड्यांचा एक चांगला टायर दहा-पंधरा हजारांच्या घरात जातो. म्हणून स्टेपनी तपासूनच निघा. हवा भरायचा छोटा कंप्रेसर आणि टो-दोर यांवर तीन-चार हजार घाला. ते वाया जात नाहीत.

दुसरा फटका इंजिनाला, आणि तो सगळ्यांत महाग. नाला ओलांडताना एअर इनटेकमधून पाणी आत गेलं तर दुरुस्तीचं बिल लाखांत जाऊ शकतं आणि साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही. 'इंजिन प्रोटेक्शन'चं जादा कव्हर निघण्याआधीच घ्या. माझ्या मते या प्रवासातला सर्वांत शहाणपणाचा खर्च हाच. उन्हाने बर्फ वितळतं, त्यामुळे दुपारी नाले फुगतात. ते सकाळीच ओलांडा. आधी काठीने खोली बघा. बर्फाच्या त्या पाण्यात पाय मिनिटभरात बधिर होतात, तरी बघाच. मग लो-रेंज, पहिला गिअर, एकसारखा वेग. मध्ये गिअर बदलू नका, पाय ॲक्सिलरेटरवरून काढू नका.

तिसरं, एका जादा दिवसाचे पैसे. नाला फुगला किंवा दरड आली, तर बातलच्या ढाब्यावर मुक्काम करावा लागतो. तिथे फोन किंवा ऑनलाइन पेमेंट चालेल असं गृहीत धरू नका. रोख जवळ ठेवा. सुट्टी संपत आली म्हणून भरल्या नाल्यात गाडी घालणारे पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका.

आणि मनालीत टाकी पूर्ण भरा. ग्रांफूचं वळण घेतल्यावर पुढचा पंप थेट काझाला, सुमारे 140 किलोमीटरवर.