निबंधस्पर्धेसाठी : एक जनुक, तीन देश

‘जैवतंत्रज्ञान आणि समाज’ हा विषय शालेय निबंधस्पर्धांना नवा नाही. सूचनाफलकावर तो लागला, की बहुतेक वह्यांमध्ये एकाच साच्याचा निबंध तयार होतो. पहिल्या परिच्छेदात आदिमानव, अग्नी आणि चाक. दुसऱ्यात इन्सुलिन आणि लसी. तिसऱ्यात ‘परंतु नाण्याला दुसरी बाजूही असते’. आणि अखेरीस ‘शाप की वरदान, हे माणसाच्याच हाती आहे’. अशा निबंधात खोटे काही नसते. पण त्यातला ‘जैवतंत्रज्ञान’ हा शब्द खोडून तेथे ‘दूरदर्शन’ किंवा ‘अणुशक्ती’ लिहिले तरी निबंध तसाच्या तसा चालतो! परीक्षकांनी असे पन्नास निबंध वाचलेले असतात, हेही विसरू नका.

त्यापेक्षा एकच गोष्ट घ्या, ती नीट समजून घ्या आणि तिचा पाठपुरावा करा. विषयाच्या नावात मधोमध ‘आणि’ हा छोटासा शब्द आहे. जीवशास्त्र आणि समाज यांची गाठ नेमकी कोठे पडते, हे शोधायला तो शब्द तुम्हाला सांगतो आहे. या लेखात आपण बीटी कापसाचे उदाहरण घेऊ. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील वाचकांच्या तर हे पीक अंगणाबाहेरच उभे असते.

मातीतला जीवाणू

बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत सर्वत्र आढळणारा जीवाणू. जपानमध्ये इशिवाता या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये तो रोगट रेशीमकिड्यांत पाहिला. पुढे १९११ मध्ये बर्लिनर या जर्मन शास्त्रज्ञाला तो पिठातील पतंगाच्या अळीत सापडला. ते पीठ थुरिंगिया प्रांतातले, म्हणून जीवाणूला त्या प्रांताचे नाव मिळाले. ‘बीटी’ ही त्याच नावाची आद्याक्षरे होत.

हा जीवाणू आपल्या शरीरात एका प्रथिनाचे स्फटिक तयार करतो. अळीने ते खाल्ले, की तिच्या अल्कधर्मी आतड्यात स्फटिक विरघळतो आणि पाचक रस त्याचे तुकडे करतात. त्यातला एक तुकडा आतड्याच्या भिंतीवरील ठराविक रेणूंना जाऊन चिकटतो. किल्ली कुलपात बसावी तसा. मग भिंतीच्या पेशींना छिद्रे पडतात, अळी खाणे थांबवते आणि मरते. आपल्या जठरातील रस आम्लधर्मी असतो आणि आपल्या आतड्यात ही ‘कुलपे’ नसतात, म्हणून ही किल्ली आपल्याकडे चालत नाही. या प्रथिनाची कृती ज्या जनुकात लिहिलेली आहे ते जनुक शास्त्रज्ञांनी कापसाच्या पेशीत बसवले. झाड स्वतःच ते प्रथिन तयार करू लागले. हाच बीटी कापूस.

भारतात २६ मार्च २००२ रोजी त्याच्या लागवडीला परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुके असलेला दुसरा प्रकार आला. एका दाराला दोन कुलपे लावावीत, तशी ही कल्पना. थोड्याच वर्षांत देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी वाण दिसू लागले. २००१-०२ मध्ये देशात सुमारे १५८ लाख गाठी कापूस झाला होता. २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाख गाठींवर गेला. (एक गाठ १७० किलोंची.)

येथे थोडे थांबा. हे आकडे पाहून ‘एका जनुकाने उत्पादन अडीचपट केले’ असे वाक्य लिहायचा मोह होतो. त्याच काळात कापसाखालील जमीन वाढली, गुजरातेत पाण्याची सोय वाढली, खतांचा वापर वाढला, नवी कीटकनाशके आली. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. याच न्यायाने, विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे सारे खापर बीटी बियाण्यावर फोडणारे वाक्यही टाळा. त्या आत्महत्यांची चर्चा २००२ च्या आधीपासून चालू होती. बोंडअळीवरील फवारण्या सुरुवातीच्या वर्षांत कमी झाल्या, एवढे मात्र शेतकरीही सांगतात.

दोन अळ्या

कापसाच्या बोंडावर तुटून पडणाऱ्या अळ्यांपैकी दोन आपल्याला महत्त्वाच्या आहेत. एक हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी. ती सर्वभक्षी आहे. तूर, हरभरा, टोमॅटो, काहीही चालते. दुसरी गुलाबी बोंडअळी. ती जवळजवळ केवळ कापसावर जगते. अंड्यातून निघताच ती पात्यात, फुलात किंवा कोवळ्या बोंडात शिरते. आत शिरल्याचे छिद्र बुजून जाते, मग वरून कितीही फवारा, औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. तिने पोखरलेले फूल नीट उमलत नाही. पाकळ्या गुंडाळलेल्या राहतात. शेतकरी त्याला ‘डोमकळी’ म्हणतात.

दोघींच्या खाण्यातला हा फरक लक्षात ठेवा. पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे.

लाखो अळ्यांमध्ये एखादी अशी असते, की तिच्या आतड्यातले ‘कुलूप’ जन्मतःच थोडे वेगळे असते. किल्ली बसत नाही. विष लागू पडत नाही. ही प्रतिकारशक्ती बहुधा अप्रभावी जनुकाने येते, म्हणजे आई आणि बाप या दोघांकडूनही ते जनुक मिळाले तरच अळी वाचते. समजा, हजार जनुकांत असे एक आहे. मग दोन्ही जनुके तशीच असलेली अळी दहा लाखांत एक. संख्या नगण्य वाटते. पण संपूर्ण गावात बीटी कापूसच असेल, तर वाचणारी तीच. तिचा जोडीदारही तसाच वाचलेला. त्यांची सगळी पिल्ले प्रतिकारक!

यावर शास्त्रज्ञांनी सुचवलेला उपाय साधा होता. बीटी कापसाच्या कडेने थोडा बिगरबीटी कापूस लावायचा. तेथे साध्या अळ्या सुखाने वाढतील, त्यांचे पतंग बीटी शेतातून वाचलेल्या एखाद्या पतंगाशी जुळतील, आणि त्यांच्या पिल्लांना प्रतिकाराचे एकच जनुक मिळेल. ती बीटी कापसावर मरतील. या पट्ट्याला आश्रय पीक म्हणतात. म्हणजे शत्रूला मारण्यासाठी काही शत्रू मुद्दाम पोसायचे!

वर्गात हे करून पाहता येते. शंभर चिंचोके घ्या, त्यांतील तीसांवर पांढरा रंग लावा आणि सगळे एका पिशवीत मिसळा. पांढरा चिंचोका म्हणजे प्रतिकाराचे जनुक. न पाहता दोन-दोन चिंचोके काढत जा. प्रत्येक जोडी म्हणजे एक अळी. पहिल्या खेळात सर्व पन्नास जोड्या बीटी शेतात पडल्या असे माना. दोन्ही चिंचोके पांढरे असलेल्या जोड्याच ठेवा, बाकीच्या बाद. अशा चार-पाच उरतील. पुढच्या पिढीत पांढऱ्यांचे प्रमाण किती? शंभर टक्के. आता दुसरा खेळ. चाळीस जोड्या बीटी शेतात, दहा आश्रय पिकात. आश्रयातल्या दहाही जोड्या जगतात, मग त्या कोणत्याही असोत. दोन्हीकडचे वाचलेले चिंचोके एकत्र मोजा. पांढरे साधारण निम्मे भरतील. प्रमाण वाढले खरे, पण साध्या जनुकांचा साठा टिकून राहिला. पांढरे मुळात तीसांऐवजी पाचच असते तर आश्रयाचा परिणाम कितीतरी अधिक दिसला असता. मोठ्या संख्येने करून पाहा.

एक एकराचे गणित

आपल्याकडे नियम असा होता : बीटी कापसाभोवती बिगरबीटीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या वीस टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते. साडेचारशे ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगरबीटी बियाणे वेगळे मिळत असे.

आता वही काढा. एक एकराचे चौरस शेत घ्या. बाजू सुमारे ६४ मीटर. दोन ओळींतील अंतर ९० सेंटिमीटर धरले, तर पाच ओळींना साडेचार मीटर लागतात, तेही चारही बाजूंनी. आतील चौरसाची बाजू उरते ५५ मीटर. ६४ चा वर्ग ४०९६. ५५ चा वर्ग ३०२५. म्हणजे सव्वीस टक्के जमीन अळ्यांना चारायला द्यायची! शंभर एकरांच्या शेतात याच पाच ओळींना तीन टक्केही जमीन लागत नाही. तेथे वीस टक्क्यांचा नियम लागू होतो. लहान शेतकऱ्याचा वाटा मोठ्यापेक्षा जास्त. शिवाय नुकसान त्याच्या एकट्याचे आणि फायदा साऱ्या गावाचा, तोही काही वर्षांनी. शेजाऱ्याने आश्रय लावला नाही तर? ते छोटे पाकीट पुष्कळ ठिकाणी बांधावरच पडून राहिले. त्याला केवळ अज्ञान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. कर्ज काढून कोरडवाहू जमीन कसणाऱ्याने केलेला तो हिशोब होता.

हिरव्या अळीला तूर-हरभऱ्याचा आश्रय आपोआप मिळत होता. गुलाबी अळीला बिगरबीटी कापसाखेरीज दुसरा आश्रय नव्हता. परिणाम दिसला तो तिच्यातच. गुजरातमधील गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाला दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पहिले कुलूप तुटल्यावर दुसरे एकटेच उरले, आणि तेही फार टिकले नाही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस या अळीने पोखरून काढला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात पिकावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या फवारण्या केवळ बोंडअळीसाठी नव्हत्या. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर बीटी प्रथिनाचा काहीच परिणाम होत नाही. पण ‘फवारणी संपली’ ही समजूत किती अपुरी होती, ते त्या हंगामाने दाखवले.

आता अमेरिकेकडे वळू. तेथेही कापसावर गुलाबी बोंडअळी होती. ॲरिझोनात बीटी कापूस १९९६ पासून आहे. तेथील शेते मोठी. शेतकऱ्यांनी सुरुवातीची दहा वर्षे आश्रय पीक नेटाने लावले. नंतर किरणोत्साराने वंध्य केलेले अब्जावधी पतंग विमानांतून सोडण्यात आले. रानातील पतंग त्यांच्याशी जुळत आणि अंडी फुकट जात. शेतकरी, विद्यापीठ आणि सरकार यांनी मिळून हा कार्यक्रम चालवला. २०१८ मध्ये अमेरिकेतील कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

चीनची कथा आणखी मजेशीर आहे. यांगत्से नदीच्या खोऱ्यात शेते आपल्यासारखीच चिमुकली, आश्रयाचा नियम नाही. पण तेथे बीटी आणि बिगरबीटी यांच्या संकराची दुसरी पिढी स्वस्त म्हणून पेरली जाऊ लागली. मेंडेलचा वाटाणा आठवा : दुसऱ्या पिढीत तीनास एक. म्हणजे चौथा हिस्सा झाडे आपोआप बिगरबीटी! कोणीही न ठरवता प्रत्येक शेतात आश्रय तयार झाला, आणि वाढू लागलेली प्रतिकारशक्ती २०१० नंतर पुन्हा उतरली.

तिन्ही देशांत प्रथिन तेच, अळी तीच. मग वेगळे काय होते? जमिनीचा आकार, बियाण्याची किंमत, नियम कोण करतो आणि तो पाळण्याचा खर्च कोण सोसतो. आपल्याकडे बीटी जनुक जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतच आले. बी दरवर्षी विकत घ्यायचे. हजाराहून अधिक वाण बाजारात, प्रत्येकाचा फुलोरा निरनिराळ्या वेळी. त्यातच पाणी असलेला शेतकरी चार पैसे अधिक मिळावेत म्हणून फरदड घेतो, म्हणजे पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवतो. गुलाबी अळीला वर्षभर ताट वाढलेले. तुमचा निबंध येथे सुरू होऊ शकतो.

कापूस तुमच्या भागात नसेल तर दुसरे उदाहरण घ्या. बीटी वांग्याला तज्ज्ञ समितीने २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला. मग सात शहरांत जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांतली एक नागपूरला. आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने वांगे थांबवले. शेजारच्या बांगलादेशात मात्र ते २०१४ पासून पिकते. निर्णय कोणी घ्यावा : शास्त्रज्ञांनी, मंत्र्यांनी, पिकवणाऱ्यांनी की खाणाऱ्यांनी? या एका प्रश्नावर सगळा निबंध उभा राहील.

लिहिण्याआधी मात्र एकदा कापूस पिकवणाऱ्या माणसाकडे जाऊन बसा. गावातले काका, मामा, कृषी केंद्राचे दुकानदार, कोणीही चालेल. ‘बीटी चांगले की वाईट?’ असे विचारू नका. त्याला उत्तरही तसेच गुळमुळीत मिळते. विचारा : पहिल्या वर्षी पाकीट केवढ्याला घेतले होते? बोंडअळीसाठी तेव्हा किती फवारण्या केल्या, गेल्या हंगामात किती? डोमकळी पहिल्यांदा कोणत्या वर्षी दिसली? फरदड कधीपर्यंत ठेवता? आणि ते १२० ग्रॅमचे छोटे पाकीट, त्याचे काय केलेत? मिळालेली उत्तरे तारखेसह वहीत जशीच्या तशी उतरवा, माणसाच्याच शब्दांत.