दप्तर बंद करू नकोस

सांगली,
कार्तिक वद्य पंचमी

चि. ताई,

तुझे सविस्तर पत्र पावले. पहाटे उठून घरचे सारे उरकणारी तू, ती आता दुपारी पाठ टेकल्यावाचून उभी राहू शकत नाहीस, साताऱ्याची थंडी इतरांस सोसवते आणि तुला मात्र दोन शाली पुरत नाहीत, केस हातात येतात, खाणे न वाढता वजन वाढते आणि पाळीचा नेम राहिला नाही, हे सर्व तू ज्या संकोचाने लिहिले आहेस, तो पाहून मला तुझ्या प्रकृतीपेक्षा त्या संकोचाचीच चिंता अधिक वाटली. घरातल्यांनी त्यास आळस म्हटले आणि तूही ते कबूल करून बसलीस. माझ्या मते तो आळस नव्हे.

बाराव्या वर्षी तुझ्या मानेत हॉजकिनच्या कर्करोगाच्या गाठी आल्या, मुंबईस टाटा रुग्णालयात केमो झाली आणि त्यानंतर मानेस व छातीस शेक देण्यात आला. त्या शेकाने तुझा जीव वाचला. परंतु ज्या वाटेने ते किरण गेले त्याच वाटेवर, कंठाच्या पुढल्या अंगास, थायरॉईड ग्रंथी असते, आणि किरणांचा आघात सोसलेली ही ग्रंथी पुष्कळदा पहिल्या पाच वर्षांत, पण कधीकधी दहा-वीस वर्षे बिनतक्रार काम करून मग थकते. ती मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी तिला हलविण्यासाठी टीएसएच हे संप्रेरक अधिकाधिक सोडू लागते. म्हणून रक्तात टीएसएच चढलेले व टी-फोर, म्हणजे थायरॉईडचे स्वतःचे थायरॉक्सिन, उतरलेले आढळते. ही तपासणी साताऱ्यातच होते, तिच्यासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही. ती आता कर, आणि पुढे निकाल चांगला आला तरी दरवर्षी कर. त्याच वेळी डॉक्टरांकडून मान चाचपून घे, कारण शेक घेतलेल्या ग्रंथीत पुढे गाठही धरू शकते.

रोगाचा फैसला झाला की त्याचे दप्तर कायमचे बांधून ठेवावे, अशी आपल्या घराण्यांची रीत आहे, आणि मुलीचे लग्न ठरायचे असले म्हणजे तर ते दप्तर ट्रंकेच्या तळाशी जाते. टाटा रुग्णालयाने मात्र हे ओळखून, उपचार पुरे झालेल्या मुलांची पुढे वर्षानुवर्षे तपासणी व्हावी यासाठी 1991 सालीच स्वतंत्र क्लिनिक सुरू केले. तुझे कागद बाहेर काढ. कोणती औषधे किती दिली, शेक कोठे व किती ग्रे दिला, याचा तपशील ज्यात आहे तो दाखला प्रत्येक नव्या डॉक्टरापुढे ठेव. तो न पाहिल्यामुळेच तुझा अशक्तपणा रक्ताच्या कमतरतेवर घालून लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या असाव्यात.

ग्रंथी मंदावलेली निघाली तर थायरॉक्सिनची गोळी बहुधा तहहयात घ्यावी लागेल, आणि ह्या 'तहहयात' शब्दाने तू खचशील हे मी जाणतो. पण 1891 साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या डॉक्टराने अशाच व्याधीने ग्रासलेल्या एका स्त्रीस मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला, आणि ती बाई त्यानंतर 28 वर्षे जगली. तेव्हा अर्क काढावा लागे, आज एक लहानशी गोळी पुरते. ती सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा-न्याहारी अर्ध्या-पाऊण तासाने करावी, आणि लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात, नाहीतर औषध अंगी लागत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवतात. बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने ती सोडू नये. दिवस राहिल्याची शंका आली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांस कळव, कारण त्या काळात ही मात्रा वाढवावी लागते आणि बाळाच्या मेंदूची घडण पहिल्या महिन्यांत आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

पाळीचा दोष सर्वस्वी थायरॉईडवर टाकून स्वस्थ बसू नकोस. केमोतील सायक्लोफॉस्फामाइडसारखी काही औषधे बीजकोशांचा साठा घटवितात. स्त्रीरोगतज्ज्ञांस तेही विचार, आणि मूल हवे असल्यास त्याचा निर्णय लांबणीवर टाकू नका.

कराडच्या ज्या मुलाविषयी तू लिहिलेस त्याचे प्रकरण निराळे आहे. त्याच्या डोक्यास शेक दिला असल्याने तेथे पीयूषिका स्वतःच दुबळी होऊ शकते. मग टीएसएच वरकरणी ठीक दिसते आणि टी-फोर मात्र कमी असते. त्याची उंची खुंटली आहे का हे आईने पाहावे, आणि थायरॉक्सिन सुरू करण्याआधी रक्तातील कॉर्टिसॉल हे संप्रेरकही तपासून घ्यावे. ते कमी असता ही गोळी दिली तर जिवावर बेतू शकते. हे तिला आजच सांग.

तुझ्या आजाराची हकीकत जावईबापूंस ठाऊक आहे, पण सासूबाईंस नाही, असे तू लिहितेस. त्यांना सांगावे असे माझे स्पष्ट मत आहे. जे लपवावे लागते त्याचे औषधही वेळेवर घेतले जात नाही. तुला जड वाटत असेल तर मी स्वतः साताऱ्यास येऊन बोलेन. तपासणीचे आकडे तारखेसह मला कळव. सासूबाईंस नमस्कार, जावईबापूंस आशीर्वाद.

तुझा
मामा