दवाखान्यातले आठ दिवस आणि तीन महिन्यांची साखर

सातारला राहणारे माझे थोरले बंधू गेल्या वर्षी पायाच्या जखमेमुळे सांगलीत माझ्याकडे आले व आठ दिवस दवाखान्यात ॲडमिट होते. तळपायात खडा रुतला तरी कळले नव्हते. मधुमेहाने पायाची संवेदनाच गेली होती.

पहिल्या दिवशी साखर 340 भरली. डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्गात व ताणात साखर चढतेच. या एका आकड्यावर जाऊ नका. त्यांनी एचबीएवनसी ही रक्ततपासणी करविली. ती 10.2 टक्के आली. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत, ग्लुकोमीटरचा आकडा ही आजची शिल्लक, तर ही तपासणी म्हणजे दोन-तीन महिन्यांचा खातेउतारा. बहुतेक रुग्णांनी तो 7 च्या आत ठेवावा असे सांगतात. म्हणजे बिघाड जखमेआधीचाच होता.

गोळ्या थांबवून इन्सुलिन सुरू झाले. दादा हबकले, इन्सुलिन म्हणजे शेवट, ही समजूत! मी म्हटले, बाबासाहेबांनाही मधुमेह होता. 15 एप्रिल 1948 रोजी विवाह झाल्यावर डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांचे पथ्य व औषधपाणी सांभाळले. त्या आजारातच घटनेचे काम तडीस गेले. शिवाय आजारपणात सुरू केलेले इन्सुलिन काहींचे पुढे बंदही होते. दादा गप्प झाले.

ते आठ दिवस आम्ही शिकण्यात घालवले. सुई स्वतः टोचणे, जागा बदलणे, रोज तळपाय आरशात पाहणे. साखर 70 च्या खाली गेली, घाम व थरथर सुटली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घेणे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणे.

घरी जाताना मात्र घोटाळा होणार होता. कार्डावर नुसते 'औषधे चालू' एवढेच लिहिलेले. कोणती गोळी, किती युनिट, पुन्हा कधी दाखवायचे, हे मी विचारून लिहून घेतले. औषध दुकानदाराने बाटली 40 ची दिली आणि सिरिंज 100 ची! त्या सिरिंजवर 10 च्या रेघेपर्यंत भरले तर पोटात 4 युनिटच जातात. उलट अदलाबदल झाली तर अडीचपट, म्हणजे जिवाशी गाठ. 40 च्या सिरिंजचे टोपण लाल, 100 चे नारिंगी असते.

तीन महिन्यांनी खातेउतारा 7.4 आला. जखम भरली आहे. उसाचा रस सुटला, चहातली साखर अजून अर्धा चमचा आहे; त्यावरून वहिनींशी रोज वाद होतो.