मिरजेची सतार आणि माजलगावचे वर्कशॉप

एकाच रस्त्यावर एकाच धंद्याचे दहावे दुकान उघडले की पहिला दुकानदार धास्तावतो. गिऱ्हाईक वाटले जाणार, भाव पडणार आणि आपल्याकडे शिकून गेलेला पोऱ्याच उद्या समोर गल्ला मांडून बसणार! ही धास्ती अगदी निराधार नाही. परंतु महाराष्ट्रातील जी गावे एखाद्या मालासाठी नावारूपाला आली, त्यांचा इतिहास पाहिला तर हिशेब निराळा दिसतो.

मिरजेचेच उदाहरण घेऊ. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारा, हत्यारे दुरुस्त करणारा कारागीर. इंग्रजी अंमल पक्का झाला, लढाया थांबल्या आणि हे काम आटले. अशा काळात, १८५० च्या सुमारास, मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार व त्यांचे बंधू मोहिद्दीन तंतुवाद्यांच्या कामाकडे वळले. संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन. गवई येत, त्यांची वाद्ये नादुरुस्त होत. धातूवर बसलेला हात लाकडावर आणि भोपळ्यावर बसला. पुढे घरातील मुले, मग नातलग, मग शेजारी या कामात आले आणि सतारमेकरांची अख्खी गल्ली उभी राहिली. भोपळा मंगळवेढ्याकडचा, लाकूड कर्नाटकातले. मिरजेचे स्वतःचे भांडवल काय, तर हुनर.

यात एक गोष्ट व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीचा माथा घासून स्वर खुलविणे, हे काम पुस्तक वाचून येत नाही. पाहून, ऐकून, चुकून येते. उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांनी मिरजेत मुक्काम केला. ते स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. असा गिऱ्हाईक दुकानात बसला की तो नुसते पैसे देऊन जात नाही. कोणता स्वर कुठे दबतो हेही सांगून जातो. एका दुकानात सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गल्लीभर होते.

अर्थशास्त्री याला ज्ञानाचा पाझर म्हणतील. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज पंडिताने १८९० साली हेच मांडले: एक धंदा एका जागी फार दिवस नांदला की त्यातली गुपिते गुपिते राहत नाहीत, मुले ती नकळत शिकतात. पुढे १९६९ मध्ये जेन जेकब्स या बाईंनी सांगितले की, खरी नवी कल्पना बहुधा निराळ्या धंद्यातून येते. मिरजेत दोन्ही दिसते. सुरुवात हत्यारांच्या धंद्यातून झाली आणि वाढ एका गल्लीत. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. एका मागाचे शहर झाले ते त्यांच्याकडे पाहून इतरांनी माग बसविले म्हणून. मालेगावला १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांनी कसब बरोबर आणले. सामान त्या मानाने थोडेच असणार.

आता दुसरी बाजू. प्रयोग करणाऱ्याचा खर्च त्याचा एकट्याचा. फायदा मात्र शेजारी फुकट उचलतो. म्हणून पुष्कळ उस्ताद शेवटची किल्ली शागीर्दाला देत नाहीत. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण झाकून ठेवलेला हुनर उस्तादाबरोबरच जातो आणि गावाचे नाव काही होत नाही. मिरजेच्या कारागिरांनी मधला मार्ग काढला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. हा हक्क कोणा एकाचा नसतो, त्या भागातील उत्पादकांचा असतो. आपल्या बीडच्या सीताफळालाही २०१६ मध्ये असेच मानांकन मिळाले, हे किती बागवानांना ठाऊक आहे, देव जाणे.

माजलगावात काय करता येईल? सिंदफणेवरच्या धरणाने ऊस आणला आणि उसामागे ट्रॉली, नांगर, मोटारपंप यांचे काम आले. दरवर्षी बीड जिल्ह्यातून हजारो माणसे ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे जातात. तिकडच्या कारखानदारीतले ज्ञान त्यांच्याबरोबर परत येत नाही, कारण ते फडात राहतात, वर्कशॉपात नाही. नुसता प्रवास पुरत नाही. कामाशेजारी बसावे लागते. एखाद्या वेल्डरने आपला मुलगा सहा महिने कोल्हापूरच्या फौंड्रीत ठेवला, तर त्याचा उपयोग चार दुकानांना होईल.

काय वाटावे आणि काय राखावे, हे मात्र ठरवून घ्यावे. गिऱ्हाइकांची वही, उधारीचा हिशेब, आपल्या मालाचे नाव व छाप आपल्याजवळ ठेवावी. छापाची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी करता येते. मापे मात्र वाटून घ्यावीत. गावातल्या सगळ्या ट्रॉल्यांच्या ॲक्सलचे माप एकच असेल, तर सुट्या भागांचा व्यापारी ते भाग साठवून ठेवतो, शेतकऱ्याची खेप वाया जात नाही आणि परगावची ट्रॉलीही दुरुस्तीला इकडे वळते. महागडी लेथ वा प्रेस एकट्याला झेपत नसेल, तर दहा-वीस जणांनी मिळून सामाईक सुविधा केंद्राची योजना पाहावी. तिची चौकशी बीडच्या जिल्हा उद्योग केंद्रात करता येते. तेथे एकट्याने जाण्यापेक्षा चार धंद्यांचे चार जण मिळून गेलेले बरे.