पेस्लिपवरचा ‘आरोग्य भत्ता’ कुणाच्या फायद्याचा?

तायांनो, आपल्या गटांतल्या कितीतरी जणी आता बारामती नाहीतर इंदापूरजवळच्या लोणी देवकर एमआयडीसीत कामाला जातात. पुढच्या बैठकीला पेस्लिप आणा. नुसता हातातला आकडा नको, ‘बेसिक’ आणि महागाई भत्ता किती ते बघू.

समजा पगार १४,००० आहे. सगळा बेसिक असेल तर १२ टक्क्यांनी तुमचे १,६८० आणि मालकाचेही १,६८० पीएफ-पेन्शनला जातात. पण बेसिक ८,००० आणि ‘आरोग्य भत्ता’ ६,००० दाखवला, की दोघांचे ९६०-९६०च. हातात ७२० जास्त आले म्हणून आपण खूश! तिकडे वर्षाला १७,२८० कमी जमा झाले, त्यातले निम्मे मालकाचे वाचले. ग्रॅच्युइटीचा हिशोबही २०२५ पर्यंत बेसिक आणि महागाई भत्त्यावरच व्हायचा.

“भत्त्याने टॅक्स वाचतो” असं सांगतात. कुणाचा? दरमहा रोख मिळणारा आरोग्य भत्ता पगारासारखाच करपात्र असतो. शिवाय नव्या पद्धतीत वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या पगाराला आयकर लागत नाही, आणि महाराष्ट्रात बाईला महिना २५,००० पर्यंत व्यवसाय करही नाही. मग वाचवायला टॅक्स आहेच कुठे? मालकाने दवाखान्याचा विमा काढून दिला तर गोष्ट वेगळी, तो जरूर घ्या.

सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलंय, की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफसाठी बेसिकमध्येच धरायचा. पेस्लिपवर तसं दिसत नसेल तर एकटीने नको, चौघींनी मिळून विचारा.